नवतप्याच्या आधी वस्तीत मदत वाटायची तर ही तयारी करा

नवतपा म्हणजे 25 मेपासूनचे नऊ दिवस, कडक उन्हाचे. मार्चमधलाच एखादा रविवार कोणाला काय द्यायचं त्या यादीसाठी काढून ठेवा, कारण एप्रिल लागला की नागपुरात दुपारी कोणी दार उघडत नाही आणि उघडलंच तर भांडायच्या मूडमध्येच असते. छप्पर कमी तापावं म्हणून पांढरा पेंट, ओआरएसची पाकिटं, माठ, कूलर, जे काही येणार असेल ते यायच्या आधी यादी तयार पाहिजे. सामान आल्यावर केलेली यादी ही ओळखीवाल्यांची यादी असते, पाहिलंय मी.

घरोघरी फिरायचं ते संध्याकाळी 7 नंतर. 23 सप्टेंबर 2023 ला पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी घराघरात घुसलं, मग घरटी 10 हजार जाहीर झाले, पण आमच्याकडे पंचनाम्याला माणसं आली ती भरदुपारी. धुणीभांडी करणाऱ्या बाया तेव्हा दुसऱ्यांच्या घरातला चिखल काढून राहिल्या होत्या, यांच्या दाराला कुलूप, झालं, नाव सुटलं.

नाव लिहिताना घरमालकाचं नको, जो तिथे झोपतो त्याचं लिहा. एका खोलीत दोन चुली असतील तर दोन ओळी. बालाघाटकडून, छत्तीसगडकडून बांधकामावर आलेले लोक असतात, त्यांचं रेशनकार्ड गावाकडचं, आधारवर पत्ता गावाकडचा, म्हणून ते काय थंड हवेच्या ठिकाणी राहतात का बाप्पा? शेजाऱ्याला विचारा, पुरे.

आता खरं डोकं लागते ते नंबर लावण्यात. समजा घरं 300 आणि पेंट 120 छपरांचा. सगळ्यांना सारखं म्हणून थोडाथोडा वाटला तर कोणाचंच छत धड पांढरं होत नाही, चिठ्ठ्या टाकल्या तर एसीवाल्याचीही निघू शकते. म्हणून गुण द्या: टिनाचं छत, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ किंवा बाळंतीण, कमावणारा दिवसभर उन्हात, हातठेला, रिक्षा, मजुरी. कशाला किती गुण हे बैठकीत ठरवा आणि नावं समोर यायच्या आधी ठरवा, नंतर प्रत्येकाला आपलाच काका आठवते. जमलं तर भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर घेऊन रात्री 10 वाजता आतलं तापमान लिहून घ्या. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंश नोंदलं गेलं, पण हवामान खात्याचा आकडा मोकळ्या जागेतला, सावलीतला असतो, टिनाखाली रात्री किती असते ते तिथे झोपणाऱ्यालाच माहीत. आणि हो, टिनावर चुना टिकत नाही, स्लॅबवर चालून जाते पण पाऊस आला की धुऊन जाते, त्यामुळे टिनासाठी वेगळा पेंट मागा, नाहीतर ज्याला जास्त गरज त्याचंच काम वाया.

कूलर देणार असाल तर आधी पाहा मीटर कोणाच्या नावाचं, पाणी टँकरचं का नळाचं, बिल कोण भरणार. ज्या घरात प्यायच्या पाण्याची मारामार तिथे कूलर म्हणजे शोपीस. तिथे माठ द्या, खिडकीला वाळ्याची ताटी द्या.

यादी झाली की 3 ठिकाणी चिकटवा, पिठाच्या गिरणीजवळ एक हवीच, आणि एकदा मोठ्याने वाचून दाखवा, वाचता न येणारे बरेच असतात. फक्त कोणाला काय आजार आहे ते त्यात नको, नुसते गुण लिहा. तक्रारीला 7 दिवस ठेवा आणि तक्रार ऐकणारा माणूस समितीतला नको. समितीवाल्यांच्या घरांचे गुण दुसऱ्या गल्लीतल्यांनी मोजायचे. दहातला एक नग मागे ठेवा, सुटलेलं कोणीतरी निघतेच. बॅनरसमोर उभं करून फोटो काढू नका, लाज वाटून काही बाया येतच नाहीत.

वाटप 25 मेच्या बरंच आधी उरकलं पाहिजे, नवतपा सुरू झाल्यावर छपरावर चढून पेंट मारणार कोण? आणि पेंटच्या रिकाम्या बकेटा कोणाला द्यायच्या तेही आधीच लिहून ठेवा. मागच्या खेपेला पेंटवरून काहीच झालं नाही, सगळं भांडण त्या बकेटांवरून झालं.