कार्बोरंडमचा थंड प्रकाश: ओलेग लोसेव्हचा प्रयोग करून पाहा

कार्बोरंडमच्या, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच्या, खड्यावर दहा व्होल्ट दिले की पिवळसर प्रकाश दिसतो, हे ब्रिटिश रेडिओ अभियंता हेन्री राउंड यांनी 1907 मध्ये एका छोट्या टिपणात नोंदवलं आणि विषय तिथेच राहिला. रशियन संशोधक ओलेग लोसेव्ह (1903–1942) यांनी रशियातल्या निझ्नी नोवगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत तो पुन्हा पाहिला आणि हा प्रकाश तापल्यामुळे येत नाही, हे तपासून दाखवलं. प्रयोगातला कठीण भागही तोच आहे. उजेड पाडणं त्या मानाने सोपं.

खडा सिलिकॉन कार्बाइडचा हवा: काळा, चकाकणारा, निदान 5 मिमीचा. खनिजांच्या दुकानात असे तुकडे मिळतात. पॉलिश पेपरचे कण फार बारीक असतात आणि ग्राइंडिंग व्हीलमधले कण वीज न वाहणाऱ्या बंधकात अडकलेले असतात, त्यामुळे दोन्ही उपयोगाचे नाहीत. खडा फोडावा लागला तर चष्मा लावूनच फोडा, त्याच्या कडा काचेसारख्या कापतात.

साधं सोल्डर या खड्याला धरत नाही. खड्याची खालची बाजू अॅल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून क्लिपमध्ये दाबा. हा संपर्क मोठा हवा. तो लहान राहिला तर उजेड तिथेच, फॉइलखाली पडेल आणि तुम्ही वर शोधत बसाल. वरून शिवणाची पोलादी सुई एखाद्या स्प्रिंगच्या पट्टीवर बसवून टेकवा. जुन्या रेडिओंमध्ये वापरल्या जाणाऱ्या गॅलेना या शिशाच्या खनिजाला हलका स्पर्श लागतो. कार्बोरंडमला चांगला दाब लागतो.

0 ते 24 व्होल्टचा बदलता डीसी पुरवठा घ्या. त्याच्याशी 1 किलोओहम, 1 वॉटचा रेझिस्टर आणि मिलिअँपिअरवर लावलेला मल्टीमीटर सिरीजमध्ये जोडा. पूर्ण शॉर्ट झालं तरी प्रवाह 24 मिलिअँपिअरपुढे जात नाही. घरातल्या मेन लाइनला हे कधीही जोडू नका. राउंड यांनी 110 व्होल्ट वापरले होते, तो मोह टाळा.

खोली अंधारी करून दहा मिनिटं डोळे सरावू द्या. दहापटीचं भिंग सुईच्या टोकाशी धरून व्होल्टेज हळूहळू वाढवा. काहीच दिसलं नाही तर पुरवठ्याच्या तारा उलट करून पाहा, मग सुई केसभर सरकवा. एकाच खड्यावर चांगल्या जागा मोजक्याच सापडतात, त्यामुळे इथे घाई उपयोगाची नाही. 20 व्होल्ट देऊनही प्रवाह शून्य असेल तर ती जागा वीज वाहून नेत नाही. प्रवाह वाढतोय पण खड्यावर व्होल्टेजच पडत नसेल, तर सुई फॉइलला टेकली आहे.

आता मुख्य तपासणी: दिसतोय तो थंड प्रकाश आहे की नुसती ठिणगी? ठिणगी चरचरते, तिच्यासोबत मीटरचा आकडा उड्या मारतो आणि मागे काळा डाग राहतो. खरा प्रकाश स्थिर असतो; पिवळा, हिरवा किंवा निळा, आणि प्रवाह हळू वाढवला तर तोही हळू वाढतो. तारा उलट केल्यावर ठिणगी साधारण तशीच राहते, थंड प्रकाश मात्र बदलतो किंवा विझतो. लोसेव्हनेही दोन्ही दिशांना पडणारे प्रकाश वेगवेगळे नोंदवले होते. त्याने उजळ जागेवर बेंझीनचा थेंब टाकून तो लवकर उडतो का, हेही पाहिलं होतं. तुम्ही ते करू नका: बेंझीन कर्करोगकारक आहे आणि शेजारी ठिणगी पडली तर पेट घेईल.

त्याऐवजी फंक्शन जनरेटरमधून (हव्या त्या आकाराची विद्युत लहर देणाऱ्या उपकरणातून) 100 हर्ट्झची चौरस लहर, म्हणजे झटक्याने वर-खाली होणारं व्होल्टेज, द्या. बऱ्याच जनरेटरची कमाल पातळी 10 व्होल्टच असते, म्हणून एवढ्यावरही उजळणारी जागा आधी शोधून ठेवा. मग लहान आरसा झपकन फिरवत त्यात तो ठिपका पाहा. तापलेली तार इतक्या लवकर विझत नाही, तिची सलग रेघ दिसते. थंड प्रकाशाच्या सुट्या चिरा दिसतात. हाच चपळपणा ओळखून लोसेव्हने 1927 मध्ये ‘प्रकाश रिले’च्या, म्हणजे प्रकाश वेगाने चालू-बंद करून संदेश पाठवणाऱ्या उपकरणाच्या, पेटंटसाठी अर्ज केला होता.

फोटो हवा असेल तर फोन टेकूवर ठेवून 2 ते 4 सेकंदांचं एक्सपोजर द्या. फ्लॅश बंद ठेवा आणि मल्टीमीटरचा बॅकलाइटही झाका, नाहीतर तोच खड्याच्या पैलूंवर चमकतो.