जेडची तपकिरीची बाटली कशी पारखावी

सोलापुरातल्या आमच्या सराफी दुकानात अधूनमधून कोणीतरी जुन्या पेटीत सापडलेली चिनी बाटली घेऊन येतं. मुठीत मावेल एवढी, वर नक्षी. प्रश्न ठरलेला: "खरं जेड आहे का हो?"

नक्षी नंतर बघा, आधी बूच काढा. बुचाला खाली हाडाचा किंवा हस्तिदंताचा चिमुकला चमचा असतो, तपकीर काढायला. मग मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकवा. जेड छिन्नीनं कोरता येत नाही. त्याहून कठीण दगडाची पूड आणि पाणी लावून ते घासून झिजवावं लागतं. करंगळीही जाणार नाही अशा तोंडातून वाकडी हत्यारं घालून कारागीर खांद्याखालची पोकळी काढायचा. चिंग राजवटीतल्या (१६४४–१९११) काही बाटल्यांची भिंत इतकी पातळ आहे की रिकामी बाटली पाण्यावर तरंगते! आत नुसतं सरळ भोक पाडून सोडलेलं दिसलं, तर काम घाईचं. माझ्या लेखी बाटलीची खरी किंमत या पोकळीत आहे.

आता वजन. बूच बाजूला ठेवून बाटली काट्यावर तोला. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि बाटली दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून धरा. ती तळाला टेकू नये, आत हवा राहू नये. आपल्याकडे सूत हाताशी असतं, पण सूत पाणी पितं. नायलॉनचा बारीक दोरा घ्या. समजा बाटली ६० ग्रॅम भरली आणि पाण्यात आकडा २० आला, तर भागाकार ३. म्हणजे नेफ्राइट, जेडच्या दोन प्रकारांपैकी एक, असू शकतं. दुसऱ्या प्रकाराचा, जेडाइटचा, ३.३ च्या आसपास येतो. जेडसारखा दिसणारा सर्पेंटाइन दगड आणि साधी काच २.५-२.६ वर थांबतात. शिसं घातलेली काच मात्र तीनच्याही पुढे जाते, म्हणून भिंगाखाली बुडबुडे शोधाच. आतून चित्र रंगवलेली किंवा मोती-पोवळं चिकटवलेली बाटली पाण्यात अजिबात घालू नका.

शेवटी नक्षी. १७५९ मध्ये छ्येनलुंग बादशहाच्या सैन्यानं पश्चिमेकडचं शिनजियांग जिंकलं आणि तिथल्या खोतानचं जेड दरबारात भरपूर येऊ लागलं. तिथल्या नदीतल्या गोट्यांवर तांबूस साल असते. चांगला कारागीर ती फेकत नाही. त्याच तांबूस थरातून माकड, पानं, फळं उठवतो आणि खालचा पांढरा दगड मोकळा ठेवतो. रंग नक्षीच्या कडेशीच थांबतो का, की भेगांमध्ये साचलाय, हे भिंगातून नीट पाहा. भेगांत साचला असेल तर तो वरून दिलेला असण्याचा संशय घ्या.