आयसीयूतल्या संशोधनात नव्याने येताय? आधी मोजमाप ठरवा

रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून रुजू होऊन मला दोन महिनेही झाले नव्हते. सहा नंबरच्या बेडवरच्या पेशंटची श्वासनलिकेतली व्हेंटिलेटरची ट्यूब सहाव्या दिवशी काढली, सातव्या दिवशी पहाटे परत घालावी लागली आणि अकराव्या दिवशी ती कायमची निघाली. त्यानंतर दोन दिवस बायपॅप (ट्यूबशिवाय, मास्कमधून श्वासाला मशीनचा आधार) लागलं. फॉर्मवर रकाना होता : २८ पैकी व्हेंटिलेटरविना किती दिवस? मी २२ लिहिले, सोबतच्या मॅडमनी १७. सरांचं म्हणणं, बायपॅपही धरायचं, म्हणजे १५. चार्ट तिघांपुढे एकच होता, पण प्रोटोकॉलमध्ये या रकान्याची व्याख्याच नव्हती. तोवर चाळीसेक फॉर्म भरून झाले होते. रेकॉर्ड रूममधून ते सगळे चार्ट परत काढावे लागले.

तेव्हा पहिला पेशंट घेण्याआधीच हे लिहून घ्या : किती तास स्वतःच्या श्वासावर राहिला की व्हेंटिलेटर सुटला म्हणायचं (बरेच अभ्यास ४८ धरतात), बायपॅप धरायचं की नाही, ट्रेकिओस्टॉमीवाल्याचं (गळ्याला छिद्र पाडून नळी बसवलेल्याचं) काय. यातली एक गोम नव्यांच्या लक्षात येत नाही. २८ दिवसांत पेशंट दगावला तर इथे शून्य येतं, आणि २८व्या दिवशी जिवंत असून व्हेंटिलेटरवरच असला तरीही शून्यच. म्हणून मृत्यू आणि व्हेंटिलेटरचे दिवस वेगळेही नोंदवा.

हा घोळ मोठ्या अभ्यासांनाही चुकलेला नाही. एक्मोवरचे (शरीराबाहेरच्या मशीनमधून रक्ताला ऑक्सिजन देणं) दोन गाजलेले अभ्यास घ्या. ब्रिटनमधल्या सीझर अभ्यासात (२००९, १८० पेशंट) सहा महिन्यांनी गंभीर अपंगत्वाशिवाय किती जण जगले ते पाहिलं : एक्मो केंद्राकडे पाठवलेल्या गटात ६३ टक्के, नेहमीच्या उपचारांत ४७. इओलिया अभ्यासात (२०१८, २४९ पेशंट) ६० दिवसांतले मृत्यू मोजले : एक्मो गटात ३५ टक्के, दुसऱ्या गटात ४६, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. प्रश्न जवळपास एकच, पण मोजलं वेगवेगळं. मग दोन्ही निकाल शेजारी मांडून कुटुंबाला काय सांगायचं?

याच अडचणीतून कोअर आउटकम सेट आले, म्हणजे त्या विषयावरच्या प्रत्येक अभ्यासाने निदान एवढं तरी मोजावंच अशी छोटी यादी. २०१० पासून कॉमेट हा उपक्रम अशा याद्या एकत्र ठेवतो. यादी ठरवताना डेल्फी पद्धतीने मतांच्या फेऱ्या होतात. डॉक्टर, सिस्टर, संशोधक यांच्या बरोबरीने बरे झालेले पेशंट आणि नातेवाईकही गुण देतात, आणि मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. व्हेंटिलेटरवरच्या अभ्यासांसाठी २०१९ मध्ये सहा गोष्टी ठरल्या : ट्यूब निघणं, परत घालावी लागणं, व्हेंटिलेटरचा काळ, मुक्कामाचे दिवस, मृत्यू आणि आयुष्याची गुणवत्ता.

शेवटची गोष्ट फोनवर मोजावी लागते, आणि नवीन माणूस इथेच घाई करतो. सहा महिन्यांनी एका पेशंटच्या घरी फोन लावला. बायकोने उचलला. "बरे आहेत की आता, तुमच्या कृपेने." मी "बरे" असं टिपून फोन ठेवणारच होते, पण प्रश्नावली समोर होती म्हणून विचारलं, "आंघोळ, कपडे त्यांचं ते करतात का?" जरा थांबून त्या म्हणाल्या, "बादली मीच भरते, ताई. शर्टाची बटणं लावताना हात थरथरतो त्यांचा. दुकानात अजून बसत नाहीत." म्हणून प्रश्न छापलाय त्याच शब्दांत विचारा, एकही गाळू नका. उत्तर पेशंटने दिलं की घरच्यांनी, तेही नोंदवा. आयुष्याची गुणवत्ता मोजणाऱ्या ईक्यू-५डी या प्रश्नावलीची मराठी आवृत्ती मिळते. स्वतः भाषांतर करत बसू नका.

आणि आपल्याकडची एक खास गोष्ट : डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेला डिस्चार्ज. पैसे संपतात, आशा सुटते आणि नातेवाईक पेशंटला घरी नेतात. डिस्चार्जच्या रकान्यात तो "जिवंत" म्हणून जातो, आणि कित्येकदा त्याच रात्री घरी दगावतो. संमती घेतानाच दोन नंबर घ्या, त्यातला एक त्याच घरातला नको, मामा किंवा शेजारी चालेल. डामाच्या पेशंटसाठी २८व्या दिवसाची वाट पाहू नका, दोन-तीन दिवसांत फोन करा. नाव सांगून आधी घरच्यांची चौकशी करा, प्रश्न नंतर.