शेळ्यांचा फुफ्फुसदाह : या चुका टाळा

मराठवाड्यात थंडी पडली की पत्र्याचा गोठा गोणपाट आणि फ्लेक्सने चहूबाजूंनी बंद केला जातो, आणि उस्मानाबादी शेळीसारख्या काटक जातीतही फुफ्फुसदाहाला (न्यूमोनियाला) बहुधा तेथूनच वाट मिळते. लेंडी-मुतातून सुटणारा अमोनिया आत कोंडतो, श्वासनलिकेच्या अस्तराला इजा करतो, आणि एरवी निरोगी शेळीच्या नाकाघशात निमूट राहणारे पाश्चुरेला व मॅनहिमिया हे जिवाणू फुफ्फुसात उतरतात. म्हणून वारा शेळीच्या उंचीपर्यंतच अडवावा आणि वरची बाजू मोकळी ठेवावी. पहाटे गोठ्यात शिरताच आपले डोळे चुरचुरत असतील, तर जमिनीलगत झोपलेल्या करडांनी रात्र कशी काढली असेल, याचा विचार करावा.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे नाक वाहताच दुकानातून आणलेले इंजेक्शन अंदाजाने टोचणे. आधी थर्मामीटर लावावा. शेळीचे तापमान साधारणपणे 102 ते 103.5 अंश फॅरनहाइट असते. ते 104 च्या वर गेले असेल आणि शेळी मान पुढे ताणून बसल्या जागी धापा टाकत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे. पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर काम करते. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूला ती भित्तिकाच नसल्याने त्याच्यामुळे होणाऱ्या सांसर्गिक फुफ्फुसदाहात हे औषध निरुपयोगी ठरते. पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा आजार तर मुळात विषाणूजन्य आहे. त्यात प्रतिजैविक केवळ मागून आलेल्या जिवाणूंना आवरते. औषध योग्य असले तरी शेळी चारा खाऊ लागताच ते मध्येच बंद केल्यास आजार उलटतो.

डोके वर उचलून बाटलीने औषध ओतू नये, कारण ते थेट फुफ्फुसात जाऊ शकते. तोंड पाठीच्या रेषेत ठेवून जबड्याच्या कोपऱ्यातून सावकाश पाजावे आणि ठसका लागताच डोके सोडून द्यावे.

आठवडी बाजारातून आणलेली शेळी किमान तीन आठवडे वेगळी बांधावी. पीपीआरची लस आणि पावसाळ्यापूर्वी घटसर्पाची (पाश्चुरेलामुळे जनावरांना होणाऱ्या आजाराची) लस टोचावीच, मात्र या दोन्ही लसी मायकोप्लाझ्माला रोखत नाहीत. कळपात लागोपाठ मृत्यू होत असतील, तर मेलेली शेळी ओढ्यात न टाकता शवविच्छेदन करून घ्यावे. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा निःशुल्क क्रमांक आहे.