रेडिओ बटनं लावताना या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या क्लासमध्ये पायथनची तोंडओळख झाली की पोरं टीकिंटरवर, म्हणजे पायथनच्या खिडक्या-बटनं बनवायच्या साधनावर, पहिली खिडकी बनवतात आणि पहिल्याच दिवशी तिच्यात रेडिओ बटनं टाकतात. दिसायला सोपं आहे: तीन-चार गोल, त्यातला एकच भरायचा. जुन्या मोटारींच्या रेडिओवर एक बटन दाबलं की आधीचं दाबलेलं टपकन बाहेर यायचं, त्यावरून हे नाव पडलं. तिथं ते काम आतली यंत्रणा करायची. इथं गट आपण बांधायचा असतो, आणि दर बॅचला घोटाळा तिथंच होतो.

दोन प्रश्न, एक व्हेरिएबल

टीकिंटरमध्ये ज्या बटनांना एकच व्हेरिएबल, म्हणजे निवड साठवायचा एकच डबा, जोडलं, तो एक गट. बटन दाबलं की त्याची व्हॅल्यू त्या डब्यात जाते, आणि डब्यातल्या व्हॅल्यूशी जुळणारं बटन भरलेलं दिसतं. बटनं वेगळ्या फ्रेममध्ये ठेवा, मधे रेघ मारा, रंग बदला, व्हेरिएबल एकच असेल तर गटही एकच. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता वही उघडल्यावर आधी तेच शोधतो.

दोन हंगामांपूर्वी जवळच्या एका जिनिंगसाठी कापसाच्या पावतीचा प्रोग्राम आमच्या एका विद्यार्थ्यानं लिहिला आणि मी तपासला. पडद्यावर दोन ओळी होत्या. वर प्रत: पहिली, दुसरी, फरदड (शेवटचा हलका कापूस). खाली चुकारा: नगदी, खात्यात. वरच्या बटनांना १, २, ३ या व्हॅल्यू आणि खालच्यांना १, २. पोरानं वरची ओळ कॉपी करून खाली चिकटवली, शब्द बदलले, व्हेरिएबल बदलायचं राहिलं.

मुनीमजी आधी प्रत निवडत, मग चुकारा, आणि लगेच पावती छापत. बाहेर गाड्यांची रांग, पुन्हा वर पाहायला सवड कुणाला? 'खात्यात' दाबलं की व्हेरिएबलमध्ये २ जाई आणि वरचं टिंब 'दुसरी'वर सरके. नगदी घेणाऱ्याची फरदडही पहिल्या प्रतीची, आणि खात्यात घेणाऱ्याचा पांढराशुभ्र पहिला वेचाही दुसऱ्या प्रतीचा. एरर एकही नाही.

तिसऱ्या दिवशी एक शेतकरी दोन पावत्या घेऊन आले, एक त्यांची, एक धाकट्या भावाची. "सर, एकाच वावरातला कापूस, एकाच गाडीत आला. त्याची पहिली प्रत अन् माही दुसरी कायले लावली?" भावानं नगदी घेतले होते, यांनी खात्यात. दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्या आणि पाच मिनिटांत चूक सापडली. पण तीन दिवसांच्या पावत्या काट्याच्या वहीशी ताडून पाहायला दोन रात्री गेल्या. कमी भाव लागलेल्यांना फरक मिळाला, तरी त्यासाठी ऐन वेचणीत माणसं पुन्हा गावाहून बोलवावी लागली. एकेकाचा दिवस बुडाला. ते माझ्या मनातून जात नाही, कारण मी तपासताना प्रत्येक बटन दाबून पाहिलं होतं, पण खालची ओळ दाबल्यावर वरची हलते का, हे पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्याकडे कोडच्या आधी कागद लागतो. पडद्यावर किती प्रश्न आहेत ते लिहायचं. जितके प्रश्न तितकी व्हेरिएबलं, आणि नावही प्रश्नाचंच. 'व्ही १', 'व्ही २' मी चालवून घेत नाही. व्हॅल्यूला आकडे नकोत, शब्द द्या: आकडे ठेवणारं इंटव्हार सोडा, मजकूर ठेवणारं स्ट्रिंगव्हार घ्या. त्या पावतीत शब्द असते तर 'खात्यात' दाबताच वरची ओळ रिकामी झाली असती आणि मुनीमजींनी पहिल्याच गाडीला आम्हाला फोन केला असता.

बटनांची ओळ कॉपी-पेस्ट करायची घाई तर सोडाच. एक छोटं फंक्शन लिहा: प्रश्न आणि पर्यायांची यादी आत घेईल, स्वतःचं नवं व्हेरिएबल बनवेल, बटनं लावेल आणि ते व्हेरिएबल परत देईल. परत आलेलं व्हेरिएबल सेल्फमध्ये, म्हणजे खिडकीच्या ऑब्जेक्टमध्ये, जपून ठेवा. फंक्शनमधलं लोकल, म्हणजे फक्त त्याच्या आतलं, व्हेरिएबल फंक्शन संपताच पायथन टाकून देतं आणि तुम्ही आधी निवडून ठेवलेला पर्याय पडद्यावरून गायब होतो. मग पोरं म्हणतात, कॉम्प्युटर खराब आहे.

आधीच भरलेलं टिंब

रिकामी स्ट्रिंगव्हार जोडली की टीकिंटरची साधी रेडिओ बटनं सगळीच निवडल्यासारखी दिसतात. पोरगं घाबरतं आणि पहिला पर्याय आधीच निवडून टाकतं. कारण साधं आहे: या बटनांना 'ट्रायस्टेट व्हॅल्यू' (धड निवडलेलं नाही, धड कोरं नाही अशी तिसरी अवस्था दाखवणारी) असते, ती मुळात रिकामा मजकूर असते, आणि तुमचं व्हेरिएबलही रिकामं. दोन्ही जुळतात. व्हेरिएबलला सुरुवातीला कुठल्याच बटनाशी न जुळणारा शब्द द्या, 'बाकी' म्हणा, सगळे गोल कोरे दिसतील. पैशाच्या प्रश्नात मी कधीच आधी निवड करून ठेवत नाही. घाईतला माणूस भरलेलं टिंब तसंच पुढं ढकलतो. सेव्ह करताना 'बाकी' आढळलं तर थांबवा आणि विचारा.

टूलकिट बदललं, सवय नाही

टूलकिट म्हणजे टीकिंटरसारखं खिडक्या बनवायचं साधन. सी शार्पच्या विंडोज फॉर्म्समध्ये एका ग्रुपबॉक्स किंवा पॅनलमधली (चौकटीतली) बटनं आपोआप एक गट होतात. तीच अपेक्षा घेऊन पोरं जावाच्या स्विंगमध्ये जातात आणि तिथं पॅनल गट बांधत नाही, बटनग्रुप लागतो. बटनग्रुप फक्त नातं सांभाळतो. बटनं पॅनलवरही वेगळी टाकावी लागतात. निवड काढायला निवडलेल्या बटनाला सेटसिलेक्टेड फॉल्स दिलं तरी ते निवडलेलंच राहतं, त्यासाठी बटनग्रुपचं क्लिअरसिलेक्शन आहे. क्यूटी या टूलकिटमध्ये एकाच पॅरेंटखालची (एकाच चौकटीतली) बटनं एक गट, म्हणून दोन प्रश्न एकत्र असतील तर क्यूबटनग्रुप घ्या. वेबच्या फॉर्ममध्ये ज्या बटनांचं 'नेम' सारखं, तो गट.

बाकीच्या चुका एकेका ओळीच्या. दोन बटनांना एकच व्हॅल्यू दिली की दोन्ही सोबत भरतात. कमांडमध्ये (दाबल्यावर काय चालवायचं ते सांगायच्या जागी) फंक्शनच्या नावापुढे कंस टाकला की ते खिडकी बनतानाच चालतं, क्लिकवर नाही. एकाहून जास्त उत्तरं चालत असतील, जसं पेरलेली पिकं, तर चेकबॉक्स घ्या. पर्याय वीस असतील तर यादी द्या. वेबच्या फॉर्मवर पर्यायाचा शब्द लेबल टॅगमध्ये घाला, नाहीतर काट्यावर बसलेल्या साठीच्या माणसाला एवढ्याशा गोलावरच माउसचा नेम धरावा लागतो.