बेसबॉलच्या सर्वकाळच्या महान खेळाडूंची यादी करताय? या चुका टाळा

तुमच्या यादीत पहिले पाच जण बेब रूथ, टाय कॉब, लू गेरिग, वॉल्टर जॉन्सन आणि साय यंग असतील, तर तुम्ही १९४७ पूर्वीच्या, फक्त गोऱ्यांच्या बेसबॉलची यादी केली आहे. पाचही जण थोर, यात वाद नाही. पण त्यांच्या काळात मेजर लीगचं, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलचं दार कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होतं. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला तेव्हा ते उघडलं. निग्रो लीगमधला (कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधला) सर्वांत जबरदस्त फटकेबाज जॉश गिब्सन त्याच्या तीनच महिने आधी, वयाच्या ३५ व्या वर्षी गेला होता.

यावर उतारा म्हणून काही जण थेट दुसऱ्या टोकाला जातात आणि रूथलाच यादीतून काढतात. हेही चूकच. समोर कोण खेळायला यावं हे रूथने ठरवलेलं नव्हतं. जे आले त्यांच्यापेक्षा तो किती पुढे होता, एवढंच आपण मोजू शकतो. १९१९ मध्ये त्याने २९ होम रन (सहसा चेंडू कुंपणापार मारून पूर्ण फेरी) मारले, तेव्हा तोच विक्रम होता. पुढच्याच वर्षी यांकीजकडून ५४ मारले. अमेरिकन लीगमधल्या (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरी नॅशनल लीग) बाकी एकाही अख्ख्या संघाला त्या वर्षी तेवढे जमले नाहीत. शिवाय हा माणूस आधी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा होता, तोही साधासुधा नव्हे: १९१६ मध्ये १.७५ ईआरए (पिचरने दर नऊ डावांमागे दिलेले रन, जितके कमी तितके चांगले), लीगमध्ये सर्वांत कमी.

गिब्सनच्या बाबतीत मात्र गडबड आकड्यांतच होते. मेजर लीगने २०२० च्या अखेरीस १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना मेजरचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत मिसळले. त्यामुळे कारकिर्दीच्या बॅटिंग अ‍ॅव्हरेजमध्ये (फलंदाजीच्या संधींपैकी किती वेळा यशस्वी फटका, म्हणजे हिट, याचं प्रमाण) गिब्सन .३७२ वर, म्हणजे कॉबच्याही पुढे. एका हंगामाचा विक्रमही त्याचाच: १९४३ मध्ये .४६६. आता हा आकडा टेड विल्यम्सच्या १९४१ मधल्या .४०६ शेजारी जसाच्या तसा ठेवला की फसलात. निग्रो लीगचा हंगाम साधारण साठ ते ऐंशी सामन्यांचा असायचा. विल्यम्सचे .४०६ हे १४३ सामन्यांतले आहेत. हंगाम जितका छोटा, तितकी अ‍ॅव्हरेज वर-खाली उडी मारते.

उलट बाजूही बघा. हॉल ऑफ फेममधल्या, म्हणजे बेसबॉलच्या सन्मान-दालनातल्या गिब्सनच्या फलकावर ‘जवळपास ८०० होम रन’ असं लिहिलंय आणि अधिकृत नोंदीत मात्र ते दोनशेच्या आत आहेत. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. फलकावरच्या आकड्यात गावोगाव फिरून खेळलेले लीगबाहेरचे सामनेही धरले आहेत, अधिकृत नोंदीत फक्त लीगचे. ८०० घेऊन हँक आरनच्या ७५५ शी झुंज लावू नका, आणि दोनशेच्या आतला आकडा बघून गिब्सनला तळालाही टाकू नका. त्याच्याच लीगमधल्या इतरांपेक्षा तो किती सरस होता आणि किती वर्षं, हे तपासा. एखाद-दुसरं वर्ष नशिबाचं असू शकतं, दशकभर नाही.

हुकलेल्या वर्षांचा प्रश्नही याच जातीचा. विजय मर्चंट यांना १९३३ ते १९५१ मध्ये जेमतेम १० कसोटी मिळाल्या, मधली ऐन उमेदीची वर्षं महायुद्धाने खाल्ली. म्हणून त्यांचं मोठेपण कोणी कसोटीतल्या एकूण धावांवरून ठरवत नाही. बेसबॉलमध्ये मात्र लोक बिनधास्त ठरवतात. विल्यम्सची १९४३ ते १९४५ ही तीन वर्षं पूर्ण, आणि कोरियाच्या युद्धात १९५२-५३ चा मोठा भाग गेला. तरी ५२१ होम रन. विली मेज १९५२ चा बराचसा हंगाम आणि १९५३ पूर्ण लष्करात होता. परत आल्यावर पहिल्या दोन हंगामांत त्याने ४१ आणि ५१ होम रन मारले. कारकिर्दीचे ६६० झाले. रूथच्या ७१४ पासून किती अंतर उरलं असतं, ते तुम्हीच बघा. आगे-मागे उत्तम हंगाम असतील तर मधल्या वर्षांचं थोडं श्रेय द्यायला माझी हरकत नाही. पण एकाला दिलंत तर सगळ्यांना द्या.

पिचर निवडताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो काळाचा. बॉब गिब्सनचा (हा जॉश नव्हे, दुसरा) १९६८ मधला ईआरए १.१२. पेद्रो मार्टिनेझचा २००० मधला १.७४. वरवर पाहता गिब्सन जिंकला. पण १९६८ मध्ये सगळेच पिचर माजले होते. अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्त्रझेम्स्की .३०१ वर बॅटिंगमध्ये पहिला आला! शेवटी लीगने १९६९ पासून माऊंडची (पिचर ज्यावर उभा राहतो त्या उंचवट्याची) उंची १५ इंचांवरून १० वर आणली आणि स्ट्राइक झोनही (पिचरचा चेंडू ज्या चौकटीतून गेला तर वैध धरतात ती) आखडता घेतला. याउलट २००० मध्ये फटकेबाजीचा पूर होता. अमेरिकन लीगमध्ये पेद्रोनंतर दुसरा होता रॉजर क्लेमेन्स, त्याचा ईआरए ३.७०. पहिल्या आणि दुसऱ्यात जवळजवळ दोन रनांचं अंतर! लीगची सरासरी १०० धरून केलेल्या ईआरए प्लसमध्ये पेद्रो २९१, गिब्सन २५८. एका हंगामापुरतं बोलायचं तर माझं मत पेद्रोला. फलंदाजांसाठी ओपीएस प्लस (बेसवर पोहोचणं आणि फटक्याची ताकद मिळून मोजणारा आकडा) असंच काम करतं आणि मैदानाचाही हिशेब धरतं. डेन्व्हरच्या उंचीवर, विरळ हवेत मारलेला होम रन आणि समुद्रकाठच्या मैदानातला होम रन सारखे नसतात.

पिचरच्या नावापुढच्या विजयांवर जाऊच नका, ते त्याच्या संघाने काढलेल्या रनांवरही अवलंबून असतात. १९८७ मध्ये नोलन रायनचा ईआरए २.७६, नॅशनल लीगमध्ये सर्वोत्तम. विजय ८, पराभव १६.

मग ‘वॉर’ (साध्या बदली खेळाडूपेक्षा याने संघाला किती जास्त विजय मिळवून दिले, याचा अंदाज) बघून यादी उतरवायची का? अनेक जण तेच करतात, आणि यादी नीटनेटकी दिसते म्हणून खूशही होतात. पण वॉर एक नाही. बेसबॉल-रेफरन्स पिचरने प्रत्यक्ष दिलेले रन धरतं, फॅनग्राफ्स स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फलंदाजाला फुकट पहिला बेस) आणि होम रन यांवर भर देतं. याच रायनचा वॉर एकीकडे ८० च्या आसपास, दुसरीकडे १०० च्या वर. शंभर वर्षांपूर्वीच्या क्षेत्ररक्षणाचा त्यातला भाग तर बराचसा अंदाजच. शिवाय वॉर साचत जातो, त्यामुळे कमी सामने खेळणारे कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारे) आपोआप मागे पडतात. तुमच्या पहिल्या पंचविसात एकही कॅचर नसेल, तर दोष जॉनी बेंचसारख्या थोर कॅचरचा नाही.

आणखी एक खोड: अर्ध्या वाटेत माप बदलणं. सँडी कोफॅक्सला तुम्ही १९६२ ते १९६६ या पाच वर्षांसाठी वर आणता. सलग पाच वेळा लीगमधला सर्वोत्तम ईआरए आणि वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्ती, ठीक आहे. पण मग वॉल्टर जॉन्सनला ४१७ विजय आणि ११० शटआउटसाठी (एकही रन न देता पूर्ण टाकलेले सामने) वर आणू नका, त्याचीही सर्वोत्तम पाच वर्षं काढा. (काढलीत तरी तो वरच राहतो, ही गोष्ट वेगळी.) शिखर की पूर्ण कारकीर्द, हे यादीच्या डोक्यावर आधीच लिहून ठेवा.

बॅरी बॉन्ड्सचं काय करायचं? वगळायचा तर वगळा, पण कारण लिहा, आणि तोच नियम क्लेमेन्सलाही लावा. १९९८ मध्ये बॉन्ड्सचे ४०० होम रन आणि ४०० चोरलेले बेस (फटक्याविना धावून गाठलेले) पूर्ण झाले, हा पराक्रम आजही दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही. उत्तेजकांच्या संशयाचा मोठा काळ त्यानंतरचा. २००४ मध्ये तर पिचरांनी त्याला १२० वेळा जाणूनबुजून वॉक दिला. मी त्याला यादीत ठेवतो, शंकेची खूण करून.

‘सर्वकाळचे’ म्हणताना ‘सर्व ठिकाणचे’ धरलेत का, तेही सांगा. योमिउरी जायंट्सच्या सादाहारू ओहचे ८६८ होम रन जपानमधले. इचिरो २७ व्या वर्षी अमेरिकेत आला आणि तरी ३०८९ हिट्स केले. जपानमधले १२७८ धरायचे की नाही, हे आधी ठरवा. शोहेई ओहतानी अजून खेळतोय, त्याचा क्रमांक पेन्सिलनेच लिहा.

पूर्ण कारकीर्द, फक्त अमेरिका आणि हुकलेल्या वर्षांचं थोडं श्रेय, या अटींवर माझे पहिले पाच: मेज, रूथ, बॉन्ड्स, आरन, जॉन्सन. विल्यम्स सहावा, क्षेत्ररक्षण सुधारलं असतं तर जॉन्सनच्या पुढे टाकला असता. जॉश गिब्सन सातवा, आणि त्याला आणखी वर न्यायचा असेल तर मी फार वाद घालणार नाही.