ग्रामसभेत ठराव असा मांडा, म्हणजे वस्तीचं काम आराखड्यात येईल

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभेला मोठा अधिकार दिला आहे. पण हातात आलेला पैसा परत जातो, कामं रखडतात, आणि कारण बहुधा एकच असतं: मागणी तोंडी झाली किंवा ठराव मोघम लिहिला गेला. “मधल्या वस्तीत पाण्याची सोय करावी” या ठरावावर कोणताही अभियंता अंदाजपत्रक करू शकत नाही.

आधी तारखा. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घेणं कलम 7 नुसार सरपंचांवर बंधनकारक आहे. सबळ कारण नसताना सभा टाळली तर सरपंचपद जाऊ शकतं, आणि कारण सबळ होतं की नाही हे जिल्हाधिकारी ठरवतात. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची (‘आमचं गाव, आमचा विकास’) तयारी 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. त्यामुळे रस्त्याची, पाण्याची मागणी त्याच सभेत मांडा. मार्चमध्ये मागितलेलं काम सहसा एक वर्ष मागे पडतं.

सभेची सूचना सात दिवस आधी लागते. ती लागली की लगेच आपला विषय लेखी द्या, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर पोच घ्या. विषय अजेंड्यावर छापून आला पाहिजे. ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात ढकललेली गोष्ट चर्चेत येते, पण नंतर तिच्यावरच सगळ्यात आधी हरकत निघते.

गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल ती. म्हणजे 400 मतदारांच्या गावात 60 जण लागतात, 1,800 मतदारांच्या गावात 100 पुरतात. साधारण 667 मतदारांच्या वर गाव कितीही मोठं असलं तरी आकडा 100 च राहतो. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, पण तिथे नवा विषय घेता येत नाही, म्हणून मूळ अजेंड्यावर नाव असणं एवढं महत्त्वाचं. सह्या सभेच्या वेळीच व्हायला हव्यात. दोन दिवसांनी घरोघरी फिरून भरलेली हजेरी तक्रार झाली की टिकत नाही, आणि तिच्यासोबत चांगले ठरावही बुडतात.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. तिच्याकडे कागदी सोपस्कार म्हणून पाहू नका. नळ, शौचालय, अंगणवाडीचे प्रश्न तिथे नेमके मांडले जातात. तिथला ठराव मुख्य सभेत वाचून घ्यायचा आग्रह धरा.

आता ठराव लिहिण्याकडे. त्यात जागा, लांबी-रुंदी किंवा नग, लाभार्थी कुटुंबं, जमिनीची मालकी, निधी आणि वर्ष या गोष्टी आल्याच पाहिजेत. उदाहरणार्थ: “वॉर्ड क्र. 2, मधली वस्ती येथील सार्वजनिक विहिरीपासून शाळेपर्यंत 120 मीटर पाइपलाइन टाकणे, लाभार्थी 34 कुटुंबे, जागा ग्रामपंचायत मालकीची, निधी वित्त आयोग (बंधित), हे काम पुढील वर्षाच्या आराखड्यात समाविष्ट करावे.” खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं. रक्कम अंदाजाने घालू नका. ती पंचायत समितीचा अभियंता अंदाजपत्रकात काढेल.

जमिनीवर बरीच कामं अडतात. सातबारा आधीच काढून पाहा. वाट खासगी असेल तर मालकाचं लेखी दानपत्र किंवा संमतीपत्र ठरावाला जोडा. गायरान असेल तर महसूल खात्याच्या परवानगीशिवाय बांधकाम सुरू होणार नाही, आणि ही परवानगी वेळ खाते.

निधीचं सदर चुकलं तरी काम परत येतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातली विभागणी लक्षात घ्या: 60 टक्के बंधित (ठरावीक कामांसाठीच), त्यात निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित. दहा लाख आले तर तीन लाख पाण्याला, तीन लाख स्वच्छतेला, चार लाख इतर कामांना. सांडपाण्याची गटार स्वच्छतेत बसते, रस्त्यावरचे दिवे अबंधितमध्ये. पगार आणि आस्थापना खर्च यातून होत नाही. पुढच्या वर्षांसाठी चालू आयोगाचं प्रमाण ग्रामसेवकांकडून (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) लेखी विचारून घ्या. याशिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला व बालकल्याणासाठी 10 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के खर्च व्हायलाच हवा. हा पैसा कुठे गेला हे विचारणारा माणूस सभेत क्वचितच असतो, आणि तो असायला हवा. मागच्या वर्षाचा जमाखर्च वर्षाच्या पहिल्या सभेपुढे ठेवावा लागतो, तेव्हाच विचारा.

अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात वेगळी वाट आहे. तिथे पेसा, म्हणजे अशा क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, याच्या 2014 च्या नियमांनुसार पाडाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो. त्यासाठी पाड्यातल्या मतदारांचा ठराव उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातो. लांबच्या पाड्यांनी हे आधी करावं, कारण मोठ्या गावाच्या सभेत त्यांचा आवाज संख्येनेच दबतो.

सभा संपताना इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा आणि ठरावाचा क्रमांक टिपून घ्या. आठवड्याभरात प्रमाणित प्रत मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. पुढे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या ग्रामपंचायतीच्या मंजूर आराखड्यात काम त्याच नावाने चढलं आहे का ते पाहा. नाव नसेल तर प्रमाणित प्रत जोडून पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. सभाच झाली नसेल तरीही तिथेच जा, कारण पंचायत समितीने मागणी केली की सरपंचांना सभा बोलवावीच लागते.